विंडोज काढलं, माऊसही काढला: काळ्या पडद्यावरचे आठ महिने

खाडीवरचा

लॅपटॉप २०१४ सालचा. चार जीबी मेमरी, डावीकडची बिजागरी तुटलेली, खाऱ्या वाऱ्याने एक यूएसबीचं तोंड गंजून कायमचं बंद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि ११ या यंत्रावर सरळ मार्गाने चढत नाही. नवीन घ्यायचा तर फवारणीच्या पैशांतून घ्यावा लागला असता. देवगड तालुक्यातल्या माणसाला ऑक्टोबरात फवारणी की लॅपटॉप, हे विचारायची गरज नाही.

म्हणून विंडोजच्या जागी डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली टाकली. बसवताना मध्ये एका पानावर कुठला डेस्कटॉप हवा ते विचारतात. तिथल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. कुतूहल होतं, दुसरं काही नाही. यंत्र उठलं, काळ्या पडद्यावर 'लॉगिन' आलं आणि पुढे नुसती लुकलुकणारी रेघ. वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळून डेस्कटॉप टाकेन. आता आठ महिने झाले.

दिवस असा जातो. मटवर टपाल बघतो. नॅनोत टिपणं लिहितो. टीमक्सने पडद्याचे दोन भाग केलेत, डावीकडे हिशोब, उजवीकडे बाकी सगळं. हवामानासाठी कर्लने डब्ल्यूटीटीआर डॉट इनला देवगड विचारायचं, तीन दिवसांचे ढग अक्षरांनी काढून दाखवतो. जुनी नाट्यगीतं एमपीव्ही वाजवतो, त्याला खिडकी लागत नाही. वायफाय जोडायला एनएमटीयूआय. आणि गंमत म्हणजे बॅटरी किती उरली हेसुद्धा एका फायलीत लिहिलेलं असतं. सिस, क्लास, पॉवर सप्लाय असं खाली उतरत गेलं की 'कॅपॅसिटी' नावाची फाईल सापडते. कॅट करा, आकडा समोर.

हे सगळं चालू असताना मेमरी दोनशे-अडीचशे एमबीच्या पलीकडे सहसा जात नाही. पूर्वी नुसता ब्राउझर उघडला की पंखा गिरणीसारखा सुटायचा. बॅटरी आधी पाऊण तास टिकायची, आता पडदा मंद ठेवला तर दोन तासांच्या जवळ जाते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, तेव्हा हे दोन तास फार मोठे.

आता अडचण. मराठी. काळ्या पडद्यावर देवनागरी येतच नाही, नुसते चौकोन. हंगामाचा हिशोब मी लेजरमध्ये ठेवतो आणि तो रोमन लिपीत. आमची आई तीस वर्षं बागेची खतावणी स्वतःच्या हाताने लिहीत आली. तिला परवा पडदा दाखवला, तर चष्मा सारखा करून म्हणाली, "हे कोणाच्या बागेचं?"

कोणी यातून वाट काढली आहे का?

(आज्ञांची नावं इथे उच्चाराबरहुकूम देवनागरीत लिहितोय. यंत्रापुढे अर्थात रोमनच लागतात.)

मालवणी_खाजं

कित्याक रे येवढो खटाटोप? मोबाईल आसा मा हातात?

खाडीवरचा

आसा. पण मोबाईलवर चारशे पेट्यांचो हिशोब करून बघ एकदा.

चाकरमानी

ठाण्यात बसून रोज सर्व्हर सांभाळतो, म्हणजे पोटापाण्यासाठी हाच काळा पडदा. म्हणून थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

सातबारा कसा काढता? महाभूलेखला जावास्क्रिप्ट लागते, ती लिंक्स या मजकुरी ब्राउझरला कळत नाही. बँकेचं तेच. यूपीआय तर फोनशिवाय नाहीच. म्हणजे अर्धं काम फोनवर आणि उरलेलं काळ्या पडद्यावर. याला 'रोजचं संगणकावरचं काम' म्हणायचं की हौस? हलका डेस्कटॉप टाका. एक्सएफसीई चार जीबीत आरामात चालतो, मराठीही नीट दिसेल, आईंचाही प्रश्न सुटेल.

खाडीवरचा

सातबारा, बँक, विजेचं बिल हे फोनवरच. कबूल, लपवण्यासारखं काही नाही. पण ती कामं महिन्यातून चार वेळा. रोज रात्री तासभर जे बसतो ते हिशोब, पत्रं आणि वाचन यासाठी, आणि त्यात मला ब्राउझरची उणीव भासली नाही. उलट 'जरा एक व्हिडिओ बघू' म्हणून रात्रीचे साडेअकरा व्हायचे ते थांबलं. हौस आहेच हो, नाही कोण म्हणतो.

सुरंगी

लेजरबद्दल जरा सविस्तर सांगाल का दादा? आमचं तारकर्लीला घरगुती निवास आहे, चार खोल्या. हिशोब वहीत असतो आणि मे महिन्यात वही कधीच जुळत नाही.

खाडीवरचा

ताई, लेजर म्हणजे साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली द्विनोंदी कीर्द. कार्यक्रम ती फाईल फक्त वाचतो, तिला हात लावत नाही. वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी आली की मी असं लिहितो (इथे देवनागरीत दाखवतो):

२०२६-०४-११ वाशी, २० पेट्यांची पट्टी
  बँक        ५२७६०
  खर्च:भाडं       २४००
  खर्च:हमाली      ८४०
  उत्पन्न:हापूस    -५६०००

चारही आकड्यांची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर लेजर तिथेच अडून बसतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. चौथा आकडा रिकामा सोडला तर तो स्वतः काढतो. मग 'लेजर बॅलन्स खर्च' म्हटलं की हंगामभराचं भाडं, हमाली, गवत, पेट्या, फवारणी सगळं वेगवेगळं. महिन्यावार हवं तर महिन्यावार.

एक खोड लक्षात ठेवा, माझे दोन दिवस तिने खाल्ले. खात्याचं नाव आणि आकडा यांच्यात निदान दोन मोकळ्या जागा हव्यात. एकच सोडली तर आकडाही खात्याच्या नावाचा भाग समजला जातो. माझ्याकडे 'हमाली ८४०' नावाचं नवंच खातं उघडलं होतं आणि मी हमालांवर संशय घेत होतो.

तुमच्या खोल्यांना हेच चालेल. पाहुण्याने दिलेली आगाऊ रक्कम 'देणे' खात्यात टाका, तो येऊन राहिला की उत्पन्नात वळवा. मेमध्ये वही जुळत नाही ती बहुधा याच आगाऊ रकमेमुळे.

सुरंगी

अगदी याच आगाऊ रकमेमुळे! रद्द झालेल्यांचे पैसे परत केले ते कुठेच नसतात. बघते करून.

तारमास्तर

निवृत्त माणूस आहे, उभी नोकरी तारखात्यात गेली. लिनक्स मुलाने शिकवलं. पण या काळ्या पडद्याशी माझं नातं तुमच्यापेक्षा जुनं आहे, म्हणून चार ओळी.

तुम्ही या काळ्या पडद्याला, टर्मिनलला, 'टीटीवाय' म्हणता ना? ते टेलिटाइपरायटर. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. 'मॉडेल ३३' नावाचं यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, कागदाच्या गुंडाळीवर, खडखडाट करत. हुकूम लिहा, उत्तर कागदावर. अशा यंत्रापुढे 'कॉपी' असं लांबलचक कोण लिहील? म्हणून सीपी. म्हणून एलएस (यादी दाखव), एमव्ही (हलव), आरएम (पूस). काम झालं तर काही न बोलता गप्प बसायची युनिक्सची सवयही त्याच यंत्रापुढे लागली असावी.

आम्हाला हे नवं नव्हतं. तारेला शब्दामागे पैसे, त्यामुळे गिऱ्हाईक खिडकीवर उभं राहून शब्द खोडायचं. शुभेच्छांच्या मजकुरांना तर आकडेच होते, लग्नाचा एक, दिवाळीचा एक. आकडा पाठवायचा, पलीकडचा माणूस पूर्ण वाक्य लिहून घरी पोचवायचा. लांब आज्ञेला छोटं नाव देणाऱ्या तुमच्या 'एलियास'चं काम याहून वेगळं नाही. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली.

आणि मराठीचं म्हणाल तर देवनागरी टेलिप्रिंटर होते. हाताखाली वापरलेत. त्यामुळे तुमचे चौकोन बघून वाईट वाटलं.

कातळशिल्प

तारमास्तर, वा! याला जोडून माझं एक जुनं दुखणं.

चौकोन का येतात ते आधी. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर, म्हणजे याच काळ्या पडद्यावर, एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचा फाँट बसतो आणि प्रत्येक आकृती आपल्या चौकटीत एकटी. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या संकेतप्रणालीत देवनागरीच्या जागा जेमतेम १२८, त्या बसतीलही. पण मराठी तेवढ्यात भागत नाही. 'कि' लिहिताना फायलीत आधी क असतो, मग वेलांटी, आणि पडद्यावर वेलांटीने उडी मारून क च्या आधी यायचं असतं. 'त्र', 'ज्ञ', 'र्‍या' तर जुळवून घडवावी लागतात. कन्सोलला ही जुळणी येत नाही, त्याला खिळे ओळीत मांडता येतात एवढंच.

आणि आता दुखणं. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत जिस्ट नावाचं तंत्र तयार झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. संगणकात एक कार्ड खोचायचं की डॉसच्या साध्या मजकुरी पडद्यावर मराठी उमटायची. १९९१ मध्ये इस्की ही मानक संकेतप्रणालीही ठरली. म्हणजे आम्ही तेव्हा काळ्या पडद्यावर मराठीत नावपत्त्यांच्या याद्या करत होतो, आणि आज त्याच जागी चौकोन! युनिकोड आलं, चित्रमय खिडक्यांत मराठी सुंदर दिसायला लागली, आणि मजकुरी पडद्याकडे आपल्यापैकी कोणी वळून पाहिलं नाही. दोष कोणाला देणार, आपणही तिथे नव्हतोच.

मात्र फायलीत मराठी बिनतक्रार राहते. ग्रेप (शोधणारा), सॉर्ट (क्रम लावणारा), सेड (शब्द बदलणारा) सगळे तिच्यावर चालतात. फक्त मोजणी जपून करा. 'आंबा' या शब्दात डोळ्याला अक्षरं दोन. संगणकाला चिन्हं चार: आ, अनुस्वार, ब, काना. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फायलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, दर चिन्हाला तीन बाइट, म्हणजे बारा. डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेला 'एम' पर्याय दिला तर चिन्हं मोजतो, 'सी' दिला तर बाइट. इस्कीत हाच आंबा चार बाइटांत मावायचा.

खाडीवरचा

म्हणजे फाईल मराठीत लिहायची आणि बघायची दुसरीकडे?

चाकरमानी

मघाशी थंड पाणी ओतलं, आता भरपाई करतो. बघायला फोन आहे ना घरात? मग असं करा. हिशोबाच्या फोल्डरात जाऊन पायथन ३ ला 'वजा एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर' म्हणा. लॅपटॉप छोटा वेब सर्व्हर होतो, ८००० क्रमांकाच्या दारावर. आईंच्या फोनवर ब्राउझरात लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं आणि ८०००. इंटरनेट लागत नाही, घरचा वायफाय चालू असला की पुरे. तोही नसेल तर फोनचा हॉटस्पॉट. काम झालं की कंट्रोल-सी दाबून दार लावा, उघडं ठेवू नका.

लिहायचं कसं ते मात्र मला माहीत नाही, कन्सोलवर मराठी कळफलक बसवायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

कातळशिल्प

लिहायला ईमॅक्स हा संपादक. त्याच्या पोटात मराठी टंकायच्या इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धती आहेत, बाहेरचं काही लागत नाही. टंकताना चौकोनच दिसतील. आंधळेपणाने लिहायचं.

होडीवाला

आमच्या कामाचा एक प्रयोग टाकतो. वेंगुर्ल्याकडचा आहे, मासेमारी घरची.

भरतीची वेळ काढायला म्हातारे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. बोटांवर होणारं गणित. पण चंद्राला पूर्ण फेरीला तिथी लागतात तीस, आणि तेवढ्यात भरती चोवीस तास सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. अमावास्येपाशी फरक पडत नाही, पण सप्तमीला म्हातारे सव्वापाच म्हणतात आणि ४८ ने ५ वाजून ३६ मिनिटं येतात.

हे मी बॅशमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमात, बसवलं. तिथी गुणिले ४८, भागिले ६०. पहिल्यांदा सप्तमीला नुसतं ५ आलं, कारण बॅशला अपूर्णांक कळत नाहीत, तो पुढचं कापून टाकतो. मग उरलेली बाकी वेगळी काढली, टक्क्याच्या चिन्हाने: ३३६ भागिले ६०, बाकी ३६. आता 'भरती ७' लिहिलं की '५:३६' येतं, आणि पुढची भरती साडेबारा तासांच्या आसपास. नुसती वेळ हां ही, पाणी किती चढेल ते नाही. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचा हिशोब वेगळा. आणि बंदराप्रमाणे वेळ पुढेमागे होते, त्यामुळे होडी लोटताना मी अजून काकांनाच विचारतो.

मालवणी_खाजं

ह्या मात्र माका शिकव. मोबाईलार चलात?

होडीवाला

चलात तर! एफ-ड्रॉइडवरसून टर्मक्स घे, मोबाईलवरचो काळो पडदो. बॅश त्यातच आसा.

निसर्गवाला_दापोली

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या दापोली-मंडणगडची पार दैना करून गेलं. पोफळी झोपल्या, पत्रे उडाले, आणि वीज तर आठवडेच्या आठवडे नाही. माझं काम तेव्हा एका कंपनीच्या सर्व्हरवर, घरून, टाळेबंदीमुळे. डोंगरावरच्या वळणावर गेलं की फोनला जेमतेम टूजी यायचं. तेवढ्यात कंपनीचं पोर्टल अर्धा तास गोल फिरवून हात वर करायचं. दूरच्या यंत्राचा काळा पडदा आपल्याकडे उघडणारं एसएसएच मात्र चालायचं, कारण दाबलेल्या कळा आणि आलेली अक्षरं एवढंच ये-जा करतं. साधं वेबपान हल्ली दोन-तीन एमबीचं, त्यात मी अख्खा दिवस काम करायचो.

पण एसएसएच दर दहा मिनिटांनी तुटायचं. मग मॉश सापडलं. ते जोडणी धरून न ठेवणाऱ्या यूडीपीवर चालतं. रेंज गेली, टॉवर बदलला, आयपी बदलला तरी बैठक जिवंत. पलीकडून उत्तर यायच्या आधीच तुम्ही दाबलेलं अक्षर अंदाजाने दाखवतं, आणि अंदाज आहे म्हणून त्याखाली रेघ ओढतं. कळ दाबल्यावर चार सेकंद वाट पाहिलेल्या माणसालाच त्या रेघेची किंमत. मोठी फाईल आणायची तर डब्ल्यूगेटला 'सी' पर्याय द्या, तुटलं तिथून पुढे उतरतं.

तेव्हा गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करत होतो. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं तोवर रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घेऊन ठेवला होता, पडदा न लावता तो दोन-चार वॅटांत चालतो.

सुरंगी

मी पण सांगू का, फजिती? एप्रिलपासून जुन्या लॅपटॉपवर हे थोडं थोडं करते आहे. खोल्यांच्या बिलांच्या फोल्डरात जुन्या प्रती साचल्या होत्या, सगळ्यांच्या शेवटी 'डॉट बॅक'. त्या पुसायला आरएम, मग तारा (*, म्हणजे कुठलंही नाव), मग डॉट बॅक. आणि तारा व डॉट यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. त्याने आधी 'तारा' वाचला, म्हणजे सगळंच, ते पुसलं, आणि मग मलाच तक्रार केली की डॉट बॅक नावाची फाईल सापडत नाही. इथे कचरापेटी नसते हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षांची बिलं गेली. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो इथे वाचत नाही म्हणून लिहिते आहे.

चाकरमानी

ताई, वीस वर्षं हेच करतो, माझ्याही हातून झालंय, आणि ते घरचं नव्हतं. एक सवय लावून घ्या: आरएमच्या आधी तोच साचा एलएसला द्या. जे दिसेल तेच पुसलं जाणार. शिवाय आरएमचा एलियास 'आरएम वजा आय' करा, दर फायलीला विचारेल. कटकट होते, होऊ दे. आणि तो लॅपटॉप बाजूला ठेवा, त्यावर नवं काही लिहू नका. फोटोरेक नावाचं साधन आहे, पीडीएफही शोधतं. नावं परत येणार नाहीत, पण बिलं काही तरी मिळतील.

सुरंगी

धन्यवाद दादा. बंद करून ठेवलाय.

खाडीवरचा

आठवड्याने येतोय. चाकरमान्यांची युक्ती केली. पायथनचा सर्व्हर लावला, आईच्या फोनवर फाईल उघडली, आणि आलं काय, तर टोपीवाले 'ए' आणि मध्येच रुपयाऐवजी कसलीशी परदेशी नाणी! चौकोन परवडले.

कातळशिल्प

सर्व्हरने फाईल पाठवली पण ती यूटीएफ-८ आहे हे सांगितलं नाही, ब्राउझरने आपल्या मनाने दुसरी लिपी धरली. साधी मजकूर फाईल देऊ नका. फायलींचं रूप बदलणाऱ्या पॅनडॉकला 'वजा एस' देऊन एचटीएमएल (वेबपान) करा, ते पानाच्या माथ्यावर संकेतप्रणाली लिहून ठेवतं.

खाडीवरचा

जमलं! खात्यांची नावं सगळी मराठीत केली. ईमॅक्समध्ये इनस्क्रिप्टने, आंधळेपणाने, चार रात्री बसून. पडद्यावर माझ्यापुढे चौकोनांची रांग, आणि आईच्या फोनवर 'खर्च:हमाली'.

काल संध्याकाळी वीज नव्हती तेव्हा तिला ओसरीवर बसवून हॉटस्पॉटवर अख्खा एप्रिल दाखवला. फोन जवळ धरून, बोटाने वर सरकवत, एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली. अर्ध्या तासाने म्हणाली, "अकरा तारखेची पट्टी बारालाही लिहिलीस. वीस पेट्या दोनदा कशा गेल्या?" खरंच. फोनवर आलेला पट्टीचा फोटो मी दोन दिवस लागोपाठ उतरवला होता. लेजरने चकार शब्द काढला नव्हता, त्याच्या दृष्टीने दोन्हीकडची बेरीज शून्यच. बँकेचा उतारा ताडून पाहिला असता तर कळलं असतं, पण तो मी बघायचा राहिलो होतो.

आता तिला मार्च हवाय. तोही चार रात्रींचा आहे. मध्ये कोणाला ईमॅक्समध्ये चौकोनांऐवजी निदान रोमन तरी दिसेल अशी काही सोय ठाऊक असेल तर लिहा. कॅपॅसिटी १४ दाखवतेय, बंद करतो.

होडीवाला

सेडने होईल. रोमन नाव डावीकडे, मराठी उजवीकडे, अशी जोड्यांची एक फाईल करा, एका ओळीत एक जोडी. लिहा रोमनमध्येच, आणि आईंसाठी पान काढताना सेड नावं बदलून देईल. खाती किती आहेत तुमची?

खाडीवरचा

एकतीस. चार रात्री वाया घालवल्या म्हणायच्या.